नानांनी हात न लावलेली गाडी

डेंटरनाना कुठल्याही गाडीवर आधी बोटांनी टकटक करत आणि मग मालकाच्या तोंडाकडे बघत. भरे गावात रस्त्याला लागून त्यांची शेड होती. जन्मभर अपघातातल्या गाड्यांचे पोचे काढल्यामुळे सरळ दिसणाऱ्या पत्र्यावर त्यांचा विश्वासच उरला नव्हता. "लई चकचकीत हाय म्हंजे कायतरी झाकलंय," असं ते गाडीबद्दलही म्हणत आणि माणसाबद्दलही.

त्यांना माझाही संशय होता. मी लातूरचा, हिंजवडीत नोकरी करणारा, भूगावात भाड्याने राहणारा. दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे गेलो आणि सांगितलं, की फक्त ट्रॅकवर शर्यतीत पळवायला गाडी तयार करायची आहे. आतली सीटं, एसी काढून टाकायचा आणि उलटली तर जीव वाचावा म्हणून लोखंडी पाइपांचा पिंजरा जोडायचा. त्यासाठी नवी घेऊ की जुनी? घरी आईला माहीत आहे का, एवढंच नानांनी विचारलं. नाही म्हटल्यावर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. पण गाड्या बघायला यायला तयार झाले.

नवी गाडी घेऊन लगेच तिची साल सोलायची, हे माझ्या जिवावर येत होतं. म्हणून आम्ही जुन्या गाड्या बघत फिरलो. नाना मॅट उचलून वास घेत, दाराच्या बोल्टवर पाना लागल्याच्या खुणा शोधत, आणि विकणारा बोलत असला की त्याच्या बायकोकडे बघत. पाच गाड्या त्यांनी नापास केल्या. एका मास्तरांची गाडी तर केवळ "कायच खोट सापडंना" म्हणून.

सहावी जवळच्याच चांदे गावात मिळाली. छोटी, पांढरी, मालक पोल्ट्रीवाले, सज्जन गृहस्थ. नानांनी तिला हातच लावला नाही. दुरूनच म्हणाले, "ही नको." कारण सांगेनात. आता संशय घ्यायची पाळी माझी होती. कुठल्या तरी एजंटाशी यांचं संधान असणार, वेगळीच गाडी माझ्या गळ्यात मारायची असणार. पुढच्या रविवारी मी त्यांना न सांगता बयाणा द्यायला एकटाच चांद्याला गेलो.

नाना माझ्या आधीच तिथं येऊन उभे होते. मी ऐकणार नाही आणि सुट्टीच्या दिवशी इथंच येणार, हे त्यांनी ओळखलं होतं. मालकांना विचारून त्यांनी मागचं सीट उचललं, खालचं कापड बाजूला सारलं आणि पत्र्यावरचा रंग खरवडला. रंगाखाली वेल्डिंगची एक रेघ या दारापासून त्या दारापर्यंत गेली होती.

"पुढचा अर्धा एका गाडीचा हाय, मागचा दुसरीचा," ते म्हणाले. "जोड मी मारलाय. आठ वर्सं झाली. नंबर बघूनच वळखली मी."

मालकांनी ती तीन वर्षांपूर्वी विकत घेतली होती आणि त्यांची दोन्ही मुलं रोज तिच्यातून शाळेत जात होती. ते आधी पांढरेफटक पडले, मग शेजारपाजाऱ्यांसमोर नानांना नाही नाही ते बोलले. नानांनी खाली मान घालून ऐकून घेतलं. दुसऱ्या कुणी करायला लावलं, असं एकदाही म्हणाले नाहीत. गाडी पहिल्यांदा बघितली तेव्हाच का सांगितलं नाहीत, असं मी नंतर विचारलं, तर म्हणाले, "धीर झाला न्हाई."

गोष्ट पिरंगुटपर्यंत पोचली आणि नानांच्या शेडवर गाड्या येणं कमी झालं. मी शेवटी नवी गाडी घेतली. तीही त्यांनी दिवसभर तपासली. पिंजरा मात्र दुसऱ्या कुणाकडून करून घे, असं ते सारखं सांगत होते. या वेळीही मी ऐकलं नाही. एकेक जोड ते मारत, हातोडीने ठोकून बघत, आणि मन भरलं नाही की कापून पुन्हा मारत. चार दिवसांचं काम तीन आठवडे चाललं.

दोन हजार दहात नाना गेले. मला आठवतो तो त्यांचा फोनवरचा आवाज. तामिळनाडूतल्या ट्रॅकवर दुसऱ्याच शर्यतीत माझी गाडी तीन कोलांट्या खाऊन उलटी पडली होती. मी माझ्या पायांनी चालत बाहेर आलो आणि पहिला फोन त्यांना केला. कुठं लागलं का, हे त्यांनी दोनदा विचारलं. मग हळूच म्हणाले, "जोड किती सुटले?"

एकही नाही, मी सांगितलं.

मग म्हणाले, "परत एकदा नीट बघ."