मंडपवाल्याच्या खुर्च्या

आमच्या बालवाडीत लेकरांना बसायला बारदाना होता. हळदीची रिकामी पोती उसवून, धुऊन अक्कानं ती एकमेकांना जोडली होती. कितीही धुतली तरी लेकरांच्या चड्ड्या पिवळ्या व्हायच्याच. संध्याकाळी मजुरीवरून आलेल्या आया चड्डी बघून सांगायच्या, आज पोरगं बसलं का नुसतं हुंदडलं.

अक्का माझी सख्खी बहीण नव्हे. शेजारच्या घरातली, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, सातवी शिकलेली. हळद शिजवायच्या दिवसांत बाया पहाटेच शेतात जायच्या आणि लेकरं तिथंच कढईच्या आसपास रांगायची. एका वर्षी एका लेकराचा पाय भाजला. दुसऱ्या दिवशी अक्कानं मजुरी सोडली आणि विहाराच्या पडवीत सगळ्यांची लेकरं गोळा केली. बाया तिला ज्वारी द्यायच्या, म्हणजे जमलं तर द्यायच्या. पुढं आम्ही संस्था काढली. संस्था म्हणजे सात बाया, एक रबरी शिक्का आणि अक्का. माझी बारावी झालेली, अक्षर बरं आणि जिभेला हाड नाही, म्हणून मला सचिव केलं.

तेव्हा आमचा जिल्हा परभणीच होता. पुण्यात एक प्रतिष्ठान आहे, शहरातल्या लोकांच्या देणग्या जमवून ते खेड्यातल्या लहान संस्थांना मदत देतं, असं कुरुंद्याच्या एका गुरुजींकडून कळलं आणि फॉर्म मागवला. त्यात कार्यकर्तीच्या मानधनाचा रकाना होता. माझा सगळा जीव त्या रकान्यात. कारण अक्काचा नवरा पुण्यात वॉचमन म्हणून लागला होता आणि दर पत्रात बोलावत होता. फॉर्म भरलाय, निकाल लागू द्या, असं सांगून ती त्याला थोपवत होती. मानधन मिळालं तर अक्का राहणार, नाही मिळालं तर जाणार. इतका सरळ मामला होता तो.

तीन दुपारी बसून आम्ही फॉर्म लिहिला. ती सांगायची, मी लिहायची. सतरंजी नाही, पाट्या नाहीत, झाकणाचं पाण्याचं भांडं नाही, पत्र्याला भोकं आहेत. अक्काला हसू आवरेना. एवढं न्हाई न्हाई लिवल्यावर आपल्याकडं हाय तरी काय, म्हणाली. मग मी खाली लिहिलं, पंचवीस लेकरं आणि एक बाई आहे. एवढं खरं मी त्यानंतर बरीच वर्षं लिहिलं नाही.

महिन्याभरानं कार्ड आलं. पाहणीला दोघं येणार. झालं, माझ्या अंगात वारं शिरलं. पुण्याची माणसं येणार आणि त्यांना काय बारदान्यावर बसवायचं? गावाचं नाक कापलं जाईल! मी मंडपवाल्याकडून सतरंजी आणि सहा खुर्च्या आणल्या. गुरुजींच्या घरून त्यांच्या नातवाची खेळणी आली, गावच्या लग्नाच्या भांड्यांतले स्टीलचे गिलास आले. बायांनी भिंतीला चुना मारला, पत्र्यावर ताडपत्री ओढली. लेकरांना तेल-पावडर लावून सणाचे कपडे घातले. बारदाना गुंडाळून मी मागच्या न्हाणीत टाकला.

अक्का दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "हे सारं काहून करून राहिलीस गं? जसं हाय तसं बघू दे की त्यायला."

मी तिच्यावर खेकसले. पाहुणे आल्यावर घर झाडतात का नाही, म्हणून विचारलं. माझ्यापुढं कोण बोलणार तेव्हा!

पन्नाशीच्या मॅडम आणि एक तरुण कॅमेरावाला आले. खुर्च्यांच्या पाठीवर मंडपवाल्याचं नाव रंगवलेलं होतं, म्हणून मी त्या भिंतीला टेकवून मांडल्या होत्या. शिरा झाला, चहा झाला. लेकरं नवी खेळणी सोडेनात. मॅडम भल्या होत्या. लेकरांत मांडी घालून बसल्या आणि सतरंजीवरून हात फिरवत विचारलं, "छान ठेवलंय हो. हे सगळं संस्थेचंच का?"

"हो," मी म्हणाले, "आमचंच."

अक्कानं मान खाली घातली. तिनं तोंड उघडलं असतं तर मी सगळ्यांदेखत तोंडावर पडले असते. तिनं मला पडू दिलं नाही.

पत्र आलं ते फार गोड भाषेत. आपली संस्था सुस्थितीत असल्याचे पाहून आनंद झाला. निधी मर्यादित असल्याने यंदा अधिक गरजू संस्थांचा विचार केला आहे. मी ते दोनदा वाचलं. फाडून टाकावंसं वाटलं, पण अक्कानं हातातून घेतलं. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "तुला वाटलं आपली इज्जत राहावी. त्यात काय वाईट हाय माय." आठ दिवसांनी ती आपली लेकरं घेऊन नवऱ्याकडं पुण्याला गेली. एसटीत बसल्यावर खिडकीतून मला एवढंच सांगितलं की बारदाना उन्हात टाक, ओला राहिला तर कुजंल.

बालवाडी बंद पडली. लेकरं परत कढईजवळ रांगायला लागली. मला ते बघवेना, म्हणून दोन वर्षांनी मीच पडवी उघडली. पण मला कुठं तिच्यासारखं जमतंय! रडणारं लेकरू तिच्या मांडीवर गप व्हायचं, माझ्या आवाजानं आणखी रडायचं. पुण्याकडून पाहुणा आला की मी तिच्याबद्दल विचारत सुटायची. जाडी झाली का, हसते का, आमचं नाव काढते का? दुपारी लेकरं निजली की मी दाराकडं बघायची. तिथं ती उभी असावी, आणि काहून करून राहिलीस म्हणून तिनं मला रागवावं, असं फार वाटायचं. अजून वाटतं.

हिंगोली वेगळा जिल्हा झाल्यावर मी पुन्हा फॉर्म मागवला. सवयीनं परभणी लिहिलं, खोडून हिंगोली केलं. शेवटच्या पानावर लिहिलं की मागच्या वेळी तुम्ही पाहिलं ते सगळं उसनं होतं, खोटं मी बोलले, आमच्या बाई नाही. त्याच मॅडम आल्या. केस पिकले होते. मी त्यांना बारदान्यावर बसवलं. जाताना पदराला लागलेला पिवळा रंग बघून त्या हसल्या.

मंजुरीचं पत्र घेऊन मी वसमतला पीसीओवर गेले. अक्काच्या शेजाऱ्यांचा नंबर होता. त्यांनी तिला बोलावून आणेपर्यंत मी मीटरचे आकडे बघत राहिले. ती फोनवर येताच मी म्हणाले, मानधन मंजूर झालं, ये.

ती म्हणाली, "पोरं इकडच्या शाळेत रुळली गं. आता कशी येऊ?"

मला हे माहीत नव्हतं असं नाही. तरी मी पत्रातला मानधनाचा आकडा तिला वाचून दाखवला. तिनं तो ऐकून घेतला आणि विचारलं, "पाहुण्यायला चहा तरी दिलास का?"

"दिला."

"कुणाच्या गिलासात?"

"आपल्याच. एक कमी पडला, म्हणून मी घेतला नाही."

पलीकडं अक्का हसली. मग रडली. मीही रडले.