वन्संची टिचबटणं

आमच्या वन्संइतकं विद्वान आणि वन्संइतकं वेडं माणूस येरळेकाठी दुसरं जन्मलं नाही, आणि हे मी त्यांची भावजय असून कबूल करते आहे! माझ्या नवऱ्याची ही थोरली बहीण पुण्यात संशोधन करते. डोळ्यातून निघालेला मज्जातंतू एवढ्या मोठ्या मेंदूत नेमका आपल्याच जागी कसा पोहोचतो, हे माशांच्या पिल्लांत बघण्यात त्यांचा जन्म चाललाय. पण ते ज्ञान पुण्यात मावत नाही ना! आमच्या कडेगावात, माहेरी पाऊल ठेवलं, की सापडेल त्याची शिकवणी सुरू. "दादा, पेशींच्या अंगावर चिकट रेणू असत्यात. टिचबटणाचा अर्धा भाग इकडं, अर्धा तिकडं. जोडीचं गावलं की टच्! न्हाई गावलं तर पुढं चालायचं." हे सांगताना त्या समोरच्याच्या सदऱ्याची बटणं उघडमीट करून दाखवतात. आमचा दूधवाला हल्ली बिनबटणाचा टी-शर्ट घालून येतो.

घरात त्यांनी टिचबटण शिवलं नाही अशी वस्तू नाही. एकदा उशीच्या अभ्र्यावरचं अर्धं बटण नेमकं माझ्या नवऱ्याच्या बनियनवरच्या अर्ध्याला बसलं. सुट्टीवर आलेला फौजी गडी सकाळी पाठीला उशी घेऊन अंगणात आला, आणि वन्सं टाळ्या पिटत म्हणाल्या, "बघ वहिनी, कुणी सांगितलं न्हाई तरी जुळलं!"

हसून हसून पुरेवाट व्हायची. पण आमचं बाळ उजव्या डोळ्यात मोतीबिंदू घेऊन जन्मलं आणि माझं हसू पळालं. सांगलीच्या डॉक्टरांनी बजावलं, सव्वा महिन्याच्या आसपास ऑपरेशन व्हायलाच हवं. सासूबाई ऐकेनात. "जावळ काढल्याबिगर लेकराच्या अंगाला लोखंड लावायचं न्हाई." आणि जावळ पाचव्या महिन्यात, कुलदैवताला. सरहद्दीवर छाती काढणारा माझा नवरा आईपुढं गप्प. मी पाळण्याशी बसून नुसती रडायची.

बारशाला वन्सं आल्या त्या पिशवीभर टिचबटणं घेऊनच. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या हातात अर्धं बटण दिलं, उरलेलं अर्धं पंगतीच्या बसकरावर शिवलेलं. "जोडी शोधा आन् बसा!" अहो, काय तो गोंधळ! फेटेवाले सोयरे गुडघ्यांवर रांगतायत, बायका पदर खोचून ओरडतायत, जिकडंतिकडं टच् टच्! शेवटी सगळे बसले. एकच जागा उरली, वडूजच्या मामांची. सासूबाईंचा हा सख्खा धाकटा भाऊ. त्यांची एसटी चुकली होती.

मामा आले तेव्हा बुंदी वाढून झाली होती आणि शेजारच्या दोघांनी मांड्या ऐसपैस पसरल्या होत्या. बटण हातात धरून मामा तीनदा पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडले. "आवं, माझी जागा कुठाय?"

"सरका की रं!" सासूबाई कडाडल्या. भरलेल्या ताटांवरून कोण सरकतंय!

"आता न्हाई सरकायचे, आये," वन्सं म्हणाल्या. थट्टेचा सूर एकदम गेला होता. "रेणूंनी बाळाच्या उजव्या डोळ्याचा तंतू मेंदूतल्या त्याच्या जागेपर्यंत आणून सोडलाय. पण त्या वाटेनं उजेड येळेवर आला न्हाई, तर डावा डोळा मांडी पसरणार. पाचव्या महिन्यात लय उशीर हुईल गं."

सासूबाईंनी उभ्या राहिलेल्या भावाकडं बघितलं. मग त्याला हाताला धरून स्वतःच्या पाटावर बसवलं आणि म्हणाल्या, "जावळ उद्याच करू. देवाला काय सांगायचं ते मी सांगती."

ऑपरेशन वेळेत झालं. पण डोळा कामाला लागेल की नाही, हे कुणीच छातीठोक सांगेना. रोज काही तास चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधायची आणि वाट बघायची. बाळ रडायचं, मीही रडायची.

तीन महिन्यांनी वन्सं आल्या. डाव्या डोळ्याला पट्टी, उजव्यापुढं जाड भिंगाचा चष्मा, असं बाळ माझ्या मांडीवर होतं. त्या दारातून आत आल्या तशी त्याची मान हळूहळू वळत गेली. त्या उजवीकडं सरकल्या, ते वळलं. डावीकडं सरकल्या, पुन्हा वळलं. मी वाट बघत होते, आता अर्ध्या तासाची शिकवणी सुरू होणार.

"बोला की वन्सं," मी म्हटलं.

त्यांचे डोळे भरून वाहत होते. "थांब गं वहिनी," त्या कुजबुजल्या, "बघू दे त्याला."