रेडिओ आणि निर्लेखन समिती

आमच्या शाळेच्या निर्लेखन समितीची मी सचिव होते, आणि माझ्या वडिलांनी शाळेला भेट दिलेला रेडिओ भंगारात जाऊ नये म्हणून मी त्या पदाचा पुरेपूर गैरवापर केला. हे आधीच सांगते, म्हणजे नंतर कोणाला ते शोधून काढण्याचे श्रम पडायला नकोत.

निर्लेखन म्हणजे शाळेची निकामी वस्तू डेड स्टॉक रजिस्टरमधून अधिकृतपणे कमी करणे. बदलापूरच्या आमच्या शाळेत ते रजिस्टर सतरा वर्षे माझ्या ताब्यात होते. वस्तू मोडतात आणि माळ्यावर जातात. त्यांचे किस्से मात्र शिक्षकखोलीतच साठत राहतात, आणि त्यांचे निर्लेखन करण्याचा अधिकार कोणत्याही समितीला नाही.

*

वडिलांचा रेडिओ जुन्या पद्धतीचा, व्हॉल्व्हचा होता. केवळ विजेवर चालणारा. बटण फिरवले की मिनिटभर तापायचा आणि मगच बोलायचा. विचार करून बोलणारे दुसरे यंत्र मी पाहिले नाही. माणसेही फारशी पाहिली नाहीत.

आमचे विज्ञानशिक्षक साळवी सर अंबरनाथहून येत. त्यांची सारी श्रद्धा उल्हासनगरच्या बाजारावर. वस्तू जितकी हलकी तितकी आधुनिक, असा त्यांचा सिद्धान्त होता.

"बाई, तुमचा रेडिओ उचलायला दोन माणसं लागतात."

"सर, तो ऐकायचा असतो. उचलायचा नसतो."

*

शाळेसाठी टेपरेकॉर्डर घ्यायचे ठरले, तेव्हा साळवी सर मला उल्हासनगरला त्यांच्या ओळखीच्या शेठकडे घेऊन गेले. काउंटरवर बारा टेपरेकॉर्डर मांडलेले. बाराही परदेशी नावांचे, आणि बाराही दुकानाच्या मागच्या खोलीत जुळवलेले.

"हा किती वर्षे टिकेल?" मी विचारले.

शेठ विचारात पडले. "मॅडम, झूठ नहीं बोलूंगा. संभालके रखो तो बहुत चलेगा. बस, रोज मत चलाओ."

बाहेर पडल्यावर साळवी सर म्हणाले, "बघा, किती प्रामाणिक माणूस आहे."

माणूस टिकाऊ आहे, हे मी मान्य केले. यंत्राबद्दल मत राखून ठेवले.

*

बक्षीस समारंभाला पाहुणे आले. त्यांनी पायरीवर पाऊल ठेवले आणि आमच्या मुलींनी ध्वनिमुद्रित केलेले स्वागतगीत सुरू झाले. दुसऱ्या कडव्यापासून मुलींचे आवाज जड होऊ लागले. पाहुणे खुर्चीपर्यंत पोहोचले, तेव्हा त्यांचे स्वागत पन्नाशीचे थकलेले पुरुष करीत होते. मग एकदम शांतता.

आमचे शिपाई गणूमामा बदलापूर गावातले. त्यांनी यंत्र उघडून वीतभर फीत बाहेर ओढली आणि भर सभेत जाहीर केले, "बाय, याची आतडी भायेर आली."

"कॅसेट खराब आहे," साळवी सर म्हणाले. "मशीन उत्तम आहे."

ते उत्तम मशीन सहामाही परीक्षेपर्यंत उत्तम राहिले.

*

पुढे साळवी सरांनी घरी रंगीत टीव्ही घेतला, अर्थात त्याच शेठकडून. दर्शनासाठी आम्हा सर्व शिक्षकांना अंबरनाथला बोलावणे आले. वहिनींनी टीव्हीला हळदकुंकू वाहिले होते. रिमोटला प्लास्टिकची पिशवी होती आणि ती काढायला सक्त मनाई होती. बातम्या लागल्या. निवेदिका हिरवी होती. तिच्या मागची भिंतही हिरवी होती.

"सर, रंगीत म्हणालात ना?"

"हिरवा हा रंग नाही का, बाई? तुमच्या टीव्हीवर तो तरी आहे का?"

विज्ञानशिक्षकाशी मी वाद घालीत नाही. माझ्या कृष्णधवल टीव्हीवर तो नव्हता, हे सत्यच होते.

*

अशा गृहस्थाच्या हाती मला वडिलांचा रेडिओ सोपवावा लागला. दिवाळीच्या सुट्टीआधी तो एकाएकी मुका झाला, आणि बदलापुरात कोणी हात लावायला तयार होईना. "मी नेतो, शेठ बघतील," साळवी सर म्हणाले. मी बजावले, "आतले काहीही बदलायचे नाही. केवळ दुरुस्त करायचे."

सुट्टीनंतर रेडिओ परत आला. बोलू लागला, आणि तोही बटण फिरवताक्षणी. तापणे नाही, थांबणे नाही. उत्तम वस्तू वयोमानानुसार अधिक तत्पर होते, असे मी शिक्षकखोलीत सर्वांना ऐकवले. साळवी सर खडू उचलून लगबगीने तासाला निघून गेले. तो मी त्यांचा पराभव मानला.

त्यानंतर सर दर महिन्याला रेडिओची मागची फळी काढून आतली धूळ पुसू लागले. उशिरा का होईना, चांगल्या वस्तूची सेवा करण्याची बुद्धी त्यांना झाली होती. गणूमामा तर तो जड रेडिओ एका हाताने उचलू लागले. मी त्यांच्या प्रकृतीचे कौतुक केले.

*

माझ्या निवृत्तीच्या वर्षी संस्थेचा आदेश आला: जी वस्तू चालू नाही, ती भंगारात काढा. मुख्याध्यापक, साळवी सर आणि मी, अशी समिती बसली. वस्तू उचलायला गणूमामा. टेपरेकॉर्डर अर्ध्या मिनिटात निकालात निघाला.

"आणि बाई, ही पेटी?" मुख्याध्यापकांनी विचारले. "जुनी झाली आता. काढू या?"

मी उभी राहिले. बाजारात हल्ली मिळणाऱ्या मालाचे आयुष्य, व्हॉल्व्हची थोरवी, माझ्या वडिलांची पारख, असे सर्व मुद्दे क्रमाने मांडले. "या रेडिओला उल्हासनगरच्या एका स्क्रूचाही स्पर्श झालेला नाही," असे म्हणून मी बटण फिरवले. दुपारच्या बातम्या खणखणीत सुरू झाल्या.

वार शुक्रवार होता. शुक्रवारी आमच्याकडे वीज जाते, हे माझ्या लक्षात राहिले नव्हते.

ती गेली. दिवा विझला, पंखा फिरत फिरत थांबला. बातम्या चालू राहिल्या.

मुख्याध्यापकांनी पंख्याकडे पाहिले, मग रेडिओकडे, मग माझ्याकडे. साळवी सर टेबलाखाली आपली चप्पल शोधू लागले. निवेदक हवामानावर आला.

"ग्वाड बोलतो," गणूमामा म्हणाले. "लाईट पन मागत नाय."

साळवी सर टेबलाखालूनच पुटपुटले, "सेल परवाच बदललेत, बाई. महिनाभर जातील."

ठराव पुढीलप्रमाणे झाला: रेडिओ चालू स्थितीत असल्याने निर्लेखनास पात्र नाही. सूचक, साळवी सर. अनुमोदक, मुख्याध्यापक. गणूमामांना मताधिकार नव्हता, तरी त्यांनी हात वर केला. विरोधात कोणी नाही. इतिवृत्ताखाली सचिव म्हणून माझी सही आहे.