नळीतलं रक्त आणि जात्याचा खुंटा

भुताखेतांच्या गोष्टी सांगत कुणी आलं, की मी आधी त्याला पोटाचं औषध द्यायचो. हैदराबादेत शिकलेला डॉक्टर मी... म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली.

निजामी अमलातली गोष्ट. परभणीला माझा छोटा दवाखाना होता. धाकटी बहीण शेवंता चारठाण्याला दिलेली. लग्नानंतर वर्षभरातच तिला सांध्यांचं दुखणं लागलं. पहाटे बोटं लाकडासारखी, ऊन वर आलं की सैल. तिच्या सासूबाईंना नेमकं हेच खुपायचं. मी चारठाण्याला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या,

"दळायच्या वक्ताला बोटं वळत न्हाईत, अन् दुपारी भाकरी बरूबर थापती. हे कसलं दुखणं? जमत नसंल तर घिऊन जा तुमची बहीण, कायमची."

शेवंता खाली मान घालून उभी होती. मला फार लागलं ते.

मी शेवंता आणि सासूबाई, दोघींना परभणीला आणलं. तेव्हा रक्ताची एक टेस्ट निघाली होती – रक्त गोठू न देता काचेच्या बारीक नळीत तासभर उभं ठेवायचं. आजार जोरात असला की रक्तातली काही प्रोटीनं वाढतात, तांबड्या पेशी एकमेकींना चिकटतात आणि भराभर खाली बसतात. शेजारच्या नळीत तुलनेला माझं रक्त ठेवलं. ते जेमतेम हललं. शेवंताचं अर्ध्याखाली गेलं, वर नुसतं पिवळं पाणी.

"इहिरीचं पानी ठिवलं तरी गाळ बसतो की," सासूबाई म्हणाल्या. "अन् तुमी तर तिचे भाऊच."

झालं! माझी सगळी डॉक्टरकी गाळात. तुलनेला स्वतःचं रक्त द्यायलाही त्या तयार होईनात.

त्यांना पोचवायला चारठाण्याला गेलो आणि मुक्काम केला. पहाटे जातं सुरू झालं आणि लगेच थांबलं. आत डोकावलो. दोघी समोरासमोर, एकाच खुंट्याला हात – दोघींनी दळायची रीतच ती. सोंग पकडायचं म्हणून सासूबाईंनी शेवंताची बोटं वरून घट्ट दाबून धरली होती. शेवंतानं हात अलगद काढून घेतला. सासूबाईंचा तिथंच राहिला.

"डाक्टर... बोटं उघडंनात."

सांधे गरम, सुजलेले. एकेक बोट सोडवताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. शेवंतानं पाणी तापवलं आणि त्यांचा हात त्यात धरून बसली. त्या सकाळी तिची स्वतःची बोटं अगदी मोकळी होती.

अंगणात ऊन आलं तशी सासूबाईंची मूठ सैल झाली. त्यांनी हात माझ्यापुढे केला. "घ्या रगत."

पेटीतल्या नळ्या काढून दोघींचं रक्त उभं केलं. सासूबाईंचं माझ्यासारखंच जेमतेम हललं, म्हणजे आजार नाहीच. शेवंताचं परभणीतल्यासारखंच खाली बसलं. मग ती एक सकाळ दुखणं इकडून तिकडे गेलं कसं? पुढे पुस्तकं चाळली, मोठ्या डॉक्टरांना विचारलं... आजवर उलगडलं नाही.

त्या सकाळी सासूबाई नळ्यांकडे बघत बसल्या होत्या. शेवंताकडे वळून म्हणाल्या, "रोज असंच हुतं व्हय गं तुला?"

दुसऱ्या पहाटे जात्याच्या आवाजानं जाग आली. शेवंताची बोटं पुन्हा आखडली होती. ती गोधडीत होती, आणि सासूबाई एकट्याच दळत होत्या.