सरड्याच्या पोटातले जंत

माणसाच्या पोटात जंत झाले तर त्याला एरंडेल पाजतात. सरड्याच्या पोटात जंत निघाले, तर आमच्या घरी प्रायश्चित्त द्यायला निघाले होते, आणि तेही मला.

शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला, त्याच्या पुढच्या वर्षीचा उन्हाळा. मी मुंबईला कॉलेजात जीवशास्त्र शिकत होते. सुट्टीला रत्नागिरीला आले ती स्पिरिटची बाटली आणि चिमटा घेऊनच. घरामागच्या सड्यावर, जांभ्या दगडाच्या त्या तापलेल्या माळावर, वाळल्या गवतात सरडे मुबलक. त्यांच्या पोटात कोणते जंत राहतात ते मला पाहायचं होतं. एक सरडा धरला आणि मागल्या पडवीत फळीवर उघडला. आत पांढरे, सुतासारखे जंत वळवळत होते. मला एवढा आनंद झाला की मी ते मोठ्याने मोजायलाच लागले.

तेवढ्यात आत्या आली. वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "अगो, गाभण सरडी मारलीस. पिल्लं बघ कशी तडफडतायत."

वहिनीला सहावा महिना होता. पोटुशी बाई घरात असताना गाभण जिवाला कुणी हत्यार लावत नाही; माझ्या थोरल्या भावाने, दादाने, तर वस्तरा नको म्हणून दाढीसुद्धा वाढवली होती. सरडी अंडी घालते, पिल्लं नाही, हे सांगून माझा घसा बसला. "तू शिकलीस म्हणून आम्हाला डोळे नाहीत काय गो?" आत्या म्हणाली. वडिलांनी निकाल दिला: वहिनी बाळंत होईपर्यंत मी घरातून हलायचं नाही. पावसाआधीची शेवटची बोट तोंडावर आली होती. ती चुकली म्हणजे कॉलेज सुटलं, आणि कॉलेज सुटलं म्हणजे लग्न.

वहिनी सासऱ्यांसमोर कधी उभी राहत नसे. त्या दिवशी राहिली. जंतांची बाटली तिने उजेडात धरून पाहिली.

"मागल्या खेपेला माझ्या हातून कोहळा कापला गेला, म्हणून पोर गेलं म्हणालात. मी ऐकून घेतलं. आता वन्संच्या माथी मारू नका. हे जंत आहेत, मला दिसतायत. त्यांना बोटीवर जाऊ द्या."

वडील उठून ओटीवर गेले. त्यांच्या उठून जाण्यालाच होकार समजून मी ट्रंक भरली.

ऐन पावसात दादा घाटावरून फेरा घेऊन मुंबईला आला. बाळ जन्मताच गेलं होतं. प्रायश्चित्तासाठी मला घरी घेऊन यायला त्याला वडिलांनी पाठवलं होतं. मी खूप रडले. क्षणभर मलाही वाटलं, ती पिल्लंच असली तर? मग स्वतःचाच संताप आला.

"वहिनी काय म्हणते?" मी विचारलं.

दादाने मान खाली घातली. "ती म्हणाली, वन्संना सांगा, येऊ नका. आलात तर ते जंत नव्हते असं तुम्हीच कबूल केल्यासारखं होईल."

दादा एकटाच परत गेला.