काकूनं दिलेलं उदाहरण

मोठ्या काकूला माझ्या आईचं काहीच बघवत नसे. आईच्या चादरीची घडी सरळ आली तरी काकूच्या कपाळाला आठ्या. दोघी जावा, एकाच घरात राहणाऱ्या आणि एकाच इस्पितळाच्या धुलाई खात्यात इस्त्री करणाऱ्या. आईला तिथं चिकटवलं काकूनंच, आणि तेव्हापासून ती पस्तावत होती.

"ताई, दमलात का? द्या, मी करते," आई म्हणे.

"मला काय धाड भरलीये?" काकू फणकारे.

खात्याची मुख्य बाई निवृत्त झाली. नवे साहेब हौशी. त्यांनी त्या जागेसाठी सगळ्या बायकांना निबंध लिहायला बसवलं. काकूला ती जागा हवीच होती. "घरात मी आधी, नोकरीत मी आधी. उद्या हिच्या हाताखाली उभी राहू?" ती मला म्हणाली.

फळ्यावर कुणा विचारवंताचं वाक्य होतं: 'माणूस उठून गेला, की त्याच्या जागेचा खरा आकार दिसतो.' खाली लिहिलं होतं, उदाहरण देऊन विवेचन करा.

विवेचन काकूनं झोकात केलं. गाडी अडली उदाहरणापाशी. आधी तिनं स्वतःचंच लिहायला घेतलं. गुडघा सुजला तेव्हा ती आठवडाभर घरी होती. पण परत आल्यावर शेजारच्या टेबलावरची म्हणाली होती, "अय्या, तुम्ही रजेवर होतात?" काकूनं ती ओळ खोडली. खोटं रचणं तिला जमेना. बाई जळकी होती, पण लबाड नव्हती.

मग तिला आईचं आजारपण आठवलं. तेव्हा डॉक्टरांचे कोट रोग्यांच्या कपड्यांत गेले, ओल्या चादरी तशाच वॉर्डात पोचल्या, खात्यातल्या दोघीजणी भांडून बोलेनाशा झाल्या आणि खुद्द काकूला दुपारचा डबा एकटीनं खाववेना. दातओठ खात तिनं हे सगळं लिहून काढलं. अक्षर मात्र मोत्यासारखं. नाव तेवढं गाळलं, 'आमच्या खात्यातील एक स्त्री' एवढंच घातलं.

"कुणाला कळतंय कोण ते!" घरी येऊन ती मला म्हणाली.

निकालाच्या दिवशी साहेबांनी तिला आत बोलावलं. "निबंध तुमचाच सर्वांत चांगला. उदाहरणाला पैकीच्या पैकी गुण दिलेत."

काकू फुलून गेली. "मग जागा, साहेब?"

"तुमच्यामुळे माझं काम सोपं झालं बघा. ती स्त्री कोण, असं बाहेर विचारलं, तर सगळ्यांनी एकच नाव सांगितलं. जागा त्यांना दिलीये."

काकू बाहेर आली. आईला अजून काहीच ठाऊक नव्हतं. ती धावत आली. "ताई, पहिल्या आलात म्हणे! मला ठाऊकच होतं."

काकूनं पदर खोचला आणि म्हणाली, "आले ना. सांग आता, आधी कुठल्या वॉर्डाच्या चादरी घेऊ?"