ओस्नेच्या शेळ्यांची हाक

माझा भाऊ तराल्द चित्रं काढायचा आणि चाली बांधायचा. आमच्या फ्योर्डकाठच्या, डोंगरांत शिरलेल्या खाडीकाठच्या गावाच्या लेखी दोन्ही धंदे रिकामटेकड्याचे. त्यात तो वाजवायचा ते व्हायोलिन म्हणजे सैतानाचं वाद्य! शेजारच्या एलिंगच्या बापानं ते आमच्या अंगणात फोडलं आणि त्या लाकडांवर कॉफी उकळून प्यायला. मेल्याला ती गोडही लागली.

तराल्दची सगळ्यात गाजलेली चाल म्हणजे मुळात आमच्या घरची हाकच, त्यानं व्हायोलिनवर बांधलेली. डोंगरावरच्या कुरणातून शेळ्यांना खाली बोलवायला मी ती घालते. आई घालायची, तशीच. इथं घरोघरची हाक वेगळी. दुसऱ्याच्या हाकेला आमच्या शेळ्या ढुंकूनही बघत नाहीत.

तराल्द गेला तेव्हा पेटीला खांदा द्यायला गावातलं कुत्रंही फिरकलं नाही. पुढं ओस्लोत त्याचं नाव झालं, तसा गावाला त्याचा पुळका आला. चर्चपुढं पुतळा उभा राहिला.

"ओस्ने, तू पहिल्या रांगेत बस हं," एलिंग म्हणाला. "तराल्द आपलाच माणूस होता."

"आपला? कधीपासून रे?"

समारंभात बँडनं तीच चाल वाजवली. हाक डोंगरभर घुमली. माझ्या शेळ्या उधळत खाली आल्या, खुर्च्या पाडल्या आणि पुतळ्याचा हार खाऊन टाकला.

"ओस्ने!" एलिंग किंचाळला. "कुरणाचं फाटक लावायला विसरलीस का?"

"विसरेन कशी? मी मुद्दाम उघडं ठेवलं. त्याच्या मातीला मी हाक दिली, तेव्हा याच आल्या होत्या. म्हटलं, आजही घरच्याच माणसांना बोलवावं."